चित्रसंयोजन आणि स्मृतीचा हिशेब

फाइल लहान असली की संगणकावरील भारही हलका होतो, हा समज चित्रसंयोजनाच्या क्षेत्रात रूढ आहे. तपासून पाहता तो टिकत नाही. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीत बहुतेक चौकटी इतर चौकटींच्या आधारे साठविलेल्या असतात. म्हणून मधली एक चौकट पाहावयाची तरी अनेक उलगडाव्या लागतात. उलगडल्यावर ती स्मृतीत पूर्ण आकारानेच उतरते. १६ बिटांच्या प्रकल्पात १९२० × १०८० बिंदूंची चार घटकांची चौकट सुमारे १६.६ मेगाबाइट जागा घेते. अशा २४ चौकटींचा एक सेकंद सुमारे ३९८ मेगाबाइट.

खरी हानी निराळी आहे. ४:२:० नोंदीत चार बिंदूंमागे रंगाचे एकच माप उरते. त्यामुळे हिरव्या पडद्यापुढील केसांची कड आधीच बोथट होते. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने २००३ साली खुला केलेला ओपनईएक्सआर प्रकार रंगाची ही नोंद पूर्ण राखू शकतो व प्रत्येक चौकट स्वतंत्र ठेवतो. स्मृतीचा भार मात्र तोही टाळीत नाही. म्हणून हालचालीची लय जोखण्यास लहान प्रतिकृती पुरेशी मानावी; कडेचा निर्णय पूर्ण चौकटीवरच व्हावा.