‘स्त्रीपुरुषतुलना’: दोषाची आणि मिळकतीची वाटणी

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. मांडणी विस्कळीत, पुनरुक्तीही पुष्कळ. परंतु ग्रंथाचे बळ संतापाहून न्यायबुद्धीत अधिक आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेस १८८१ साली बालहत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली. त्यावर, दोष एकट्या स्त्रीच्याच माथी का, हा ताराबाईंचा प्रश्न होय.

हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच वाटा दिला. तरीही आमच्या चांदूर बाजारकडे संत्र्यांच्या बागा वाटताना बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटू नये म्हणून ती सही करते. दोष वाटताना जी एकटी, तीच मिळकत वाटताना परकी! हा ग्रंथ जुना झाला असे कोणत्या तोंडाने म्हणावे?