मांडायचे की मोडायचे?

खेळण्याची परीक्षा त्याच्या किमतीवरून करू नये, हे आमच्याकडच्या मातीच्या किल्ल्यांनी मला शिकवले. मी मूळचा साताऱ्याचा, शिकवतो सांगलीला. दोन्हीकडे दिवाळीत मुले दगडविटांवर चिखल थापून किल्ला रचतात, उतारावर अळीव पेरतात, बुरुजांवर मावळे उभे करतात. किल्ला शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवायचा असतोच. पण खरी मौज तो करण्यात आणि त्यावर लढाया खेळण्यात. खेळ नि देखावा असे तिथे एकत्र नांदतात.

व्हिडिओ गेमवर बेतलेल्या लेगोच्या संचांना मी हीच कसोटी लावतो. २०२० साली निन्टेन्डोच्या जुन्या गेमयंत्राचा २६४६ तुकड्यांचा संच निघाला. सोबतच्या टीव्हीचा दांडा फिरवला, की देखावा सरकतो नि मारिओ उड्या मारीत चालल्यासारखा दिसतो. कारागिरी अप्रतिम! परंतु एकदा जोडला, की त्याची जागा कपाटात. त्यात रमतो तो लहानपणी मारिओ खेळलेला बाप. मुलाच्या वाट्याला येते ते 'हात लावू नकोस'.

माइनक्राफ्टचे संच त्यामानाने ओबडधोबड. पण तो गेमच मुळी ठोकळे फोडून पुन्हा रचण्याचा. तेव्हा मुलाने त्यातली गुहा मोडून अजिंक्यतारा उभारला, तरी खेळ बिघडत नाही. उलट तिथेच तो सुरू होतो.

म्हणून वाचकहो, कपाट सजवायचे असेल तर पहिला घ्या. पण मुलासाठी घेणार असाल, तर दुसराच घ्या, आणि त्याने तो मोडला की रागावू नका.