‘लक्ष ठेवावे’ म्हणजे किती?

सोलापुरात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिराला गेलो असताना एका शिक्षिकेने आपल्या मुलीचे नर्सिंगचे मराठी गाईड आमच्या हाती ठेवले. मुलगी नुसते पाठ करते, तुम्ही जरा पाहा, असे त्या म्हणाल्या. आम्ही डॉक्टर नाही. आमचा संबंध द्रावणांशी आणि मोजमापाशी. तरीही अवघड बाळंतपण आणि मुलांचे पोटाचे विकार ही दोन प्रकरणे आम्ही बारकाईने वाचली.

भाषा चांगली आहे. वार, कळा, खोल गेलेली टाळू असे घरातले शब्द लेखकाने बिचकत न वापरले आहेत, आणि हे आमच्या पाठ्यपुस्तकांना अजून जमलेले नाही. तक्रार वेगळी आहे. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाखाली परिचारिकेच्या कर्तव्यांची लांबलचक यादी दिली आहे. तीत धीर देणे आहे, खोली हवेशीर ठेवणे आहे आणि बऱ्याच खाली ‘रक्तस्रावावर लक्ष ठेवावे’ हेही आहे. किती रक्त गेले म्हणजे धोका, ते कशाने मोजायचे, याबद्दल एक अक्षर नाही.

खरे तर या प्रश्नावरचे महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, बेळगावात झाले. बाळंतिणीखाली पसरायचा, टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेला प्लास्टिकचा कपडा तेथे वापरून पाहिला गेला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नुसत्या नजरेचा अंदाज पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातल्या १६२० बाळंतपणांचा प्रयोगही प्रसिद्ध झाला. तेथे ग्रामीण भागातल्या एएनएम सिस्टरांनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, आणि ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या ८० रुग्णालयांचा प्रयोग जाहीर झाला. तेथे मापाचा कपडा आणि लगेच एकत्र करायचे उपचार यांमुळे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. परिचारिकेचे ‘लक्ष’ हे असे मिलिलिटरमध्ये असते.

जुलाबाच्या प्रकरणात तर चूक महाग पडू शकते. ‘ओआरएस पाजावे’ एवढेच लिहिले आहे. पाकीट किती पाण्यात, ते नाही. २००२ पासूनच्या प्रमाण सूत्रात एक लिटर पाण्याला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. या द्रावणाची तीव्रता २४५ मिलिऑस्मोल, म्हणजे रक्ताच्या सुमारे २९० पेक्षा जरा कमी. तेच पाकीट २०० मिलिलिटरच्या पेल्यात ओतले, तर तीव्रता पाचपट, १२२५. आता पाणी आतड्यातून रक्तात जाण्याऐवजी रक्तातून आतड्यात येऊ लागते; औषधानेच जुलाब वाढतो. बाजारात लहान पाकिटेही मिळतात, म्हणून पाकिटावरचे माप वाचणे हेच पहिले कर्तव्य. विडी वळणाऱ्या बाईच्या घरात मोजपात्र नसेल, पण पाण्याची लिटरची रिकामी बाटली बहुधा असते. हे गाईडात एका ओळीत मावले असते.

ग्लुकोज कशासाठी, हेही सांगितलेले नाही, त्यामुळे विद्यार्थिनीला ते ‘शक्तीसाठी’ वाटते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात, आणि त्यांच्यामागून पाणी येते. पटकीतही हे दार उघडे राहते. याच भरवशावर डॉ. दिलीप महालनोबिस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत, सलाइन अपुरे असताना, पिंपातले द्रावण नातेवाइकांकरवी पाजले आणि सुमारे ३० टक्क्यांवरचे मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांखाली आणले. नावात ‘ओआरएस’ असलेली गोड पेये मात्र हे सूत्र पाळत नव्हती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरण्यास मनाई केली. गाईडात याची नोंद हवी.

शिबिरात आम्ही जुन्या लुगड्यावर अर्धा लिटर लाल पाणी ओतले आणि किती असेल ते विचारले. बहुतेक शिक्षकांनी निम्म्याहून कमी सांगितले. आमचा स्वतःचा अंदाजही, आधी माहीत नसता, तर तिथेच गेला असता. त्या मुलीने गाईडाच्या समासात पेन्सिलीने ‘१ लिटर’ आणि ‘५०० मिलि’ असे लिहून घेतले आहे. पुढच्या आवृत्तीत ते छापून यावे, एवढी लेखक-प्रकाशकांना विनंती.