फुकटाचा मळा

सावता महाराजांच्या भाजीच्या अभंगाचा अर्थ सांगताना पुष्कळदा म्हटले जाते, ‘देवच मळा पिकवतो, माळ्याला कसले कष्ट?’ हा अर्थ अपुरा आहे. त्याच अभंगात मोट आहे, विहीर आहे आणि शेवटी मळा आपण केल्याचे महाराज सांगतात. अरणच्या त्या माळ्याला विठ्ठल दिसला तो राबताना.

आपल्या नागपूरकडचे संत्रे पाहा. जंबेरीवर डोळा बांधायचा, काही वर्षे झाड जपायचे, आंबिया बहारासाठी हिवाळ्यात ताण द्यायचा, मग पाणी सोडायचे; तेव्हा कुठे फळ येते. दिंडीतले जेवण आपल्याला फुकट मिळते, पिकते मात्र कुणाच्या तरी घामाने. माउली, कष्ट वगळून अभंग गायला, तर पत्रावळीवर उष्टा राहिलेल्या घासात विठ्ठल कसा दिसेल?