'गर्भवेष्टन' : एका संज्ञेविषयी आक्षेप

गर्भाभोवतीच्या पटलांना 'गर्भवेष्टने' म्हणण्याचा प्रघात आपल्या परिभाषेत आढळतो. ही संज्ञा सदोष होय. वेष्टन म्हणजे वस्तू बाहेर काढताच निरुपयोगी ठरणारे आवरण. उल्ब व जरायू ही पटले मात्र स्वतः कार्यरत असतात. त्यांतील '११-बीटा-एचएसडी-१' हे विकर निष्क्रिय कॉर्टिसोनचे सक्रिय कॉर्टिसॉल बनविते. दिवस भरत येतात तसतशी त्याच्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते आणि कॉर्टिसॉल तिला अधिकच चालना देते. परिणामी उल्बात प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती वाढते, जरायूत त्यांचे विघटन मंदावते. प्रसूतीची सिद्धता अंशतः येथेच होते.

लोकभाषेतील 'पाणमोट' हा शब्दही पात्रवाचकच. तथापि 'पाणमोट फुटली' या प्रयोगात घटनेची व घाईची सूचना आहे. 'वेष्टना'त ती नाही. पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात अनेक घरांची बोली वारली आहे. तेथे दिवस भरण्यापूर्वी पाणी गेलेल्या स्त्रीला तत्काळ दवाखान्यात नेणे निकडीचे, हा अर्थ पोचविणारा शब्दच उपयोगी. म्हणून शास्त्रीय लेखनात उल्ब, जरायू हीच नावे ठेवावीत. आरोग्यशिक्षणासाठी तेथील सुईणींचे शब्द आधी टिपून घ्यावेत. परिभाषा घडविण्यापूर्वी ऐकणे, हे भाषाभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.