तेलहित आणि परराष्ट्र धोरण : इराण प्रकरणाची (१९५१-५४) एक चिकित्सा

प्रस्तावना :
परराष्ट्र धोरण हे राष्ट्रहित साधण्याचे साधन होय, अशी व्याख्या सर्वमान्य आहे. परंतु राष्ट्रहित नेमके कोण ठरवते, हा प्रश्न त्या व्याख्येत अनुत्तरित राहतो. इराणमधील मोसाद्देक सरकारच्या पतनाच्या आधारे या प्रश्नाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
नौदलाला कोळशाऐवजी तेल हवे असल्याने ब्रिटिश सरकारने १९१४ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचे ५१ टक्के भाग विकत घेतले. त्यामुळे राज्यकर्ता आणि भागधारक या दोन भूमिका एकाच सरकारच्या ठायी एकवटल्या. १९५० च्या अखेरीस अरामको कंपनीने सौदी अरेबियाला निम्मा नफा देऊ केला. इराणमधील ब्रिटिश कंपनीने मात्र तशी तयारी वेळीच दाखविली नाही. मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले आणि पुढच्याच महिन्यात मोसाद्देक पंतप्रधान झाले. ब्रिटनने इराणी तेलाची नाकेबंदी केली. जुलै १९५२ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा वाद आपल्या अधिकारक्षेत्राबाहेरचा ठरविला. कायद्याचा मार्ग असा खुंटल्यावर १९ ऑगस्ट १९५३ रोजी ब्रिटिश व अमेरिकन गुप्तचर यंत्रणांच्या साहाय्याने ते सरकार उलथविण्यात आले. सीआयएच्या सहभागाची स्पष्ट कबुली देणारी कागदपत्रे २०१३ मध्ये खुली झाली.

यावरून 'कंपन्यांनी सरकारांना राबविले' असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. तथापि तो अपुरा आहे. अमेरिकन कंपन्या इराणमध्ये जाण्यास फारशा उत्सुक नव्हत्या. इराणचे तेल घ्यायचे तर सौदी अरेबिया व कुवेतमधील उत्पादन आवरते घ्यावे लागणार होते. अमेरिकन सरकारनेच त्यांचे मन वळविले. त्यांच्याविरुद्धची मक्तेदारीविषयक फौजदारी चौकशी जानेवारी १९५३ मध्ये दिवाणी स्वरूपाची करण्यात आली होती. १९५४ च्या संघात ब्रिटिश कंपनीला ४०, पाच अमेरिकन कंपन्यांना मिळून ४०, शेलला १४ आणि फ्रेंच कंपनीला ६ टक्के वाटा मिळाला.

याउलट, साम्यवादाच्या भीतीनेच सर्व घडले हे मतही अपुरे ठरते. ती भीती खरी होती. पण इराणचे तेल पाश्चात्त्य कंपन्यांच्या ताब्यात असणे म्हणजेच सुरक्षितता, हे त्या विचारात गृहीत होते. १९५४ च्या करारात मालकी इराणची मान्य झाली, नफाही निम्मा ठरला. उत्पादन व विक्रीचा ताबा मात्र संघाकडेच राहिला. खरा वाद नफ्याइतकाच नियंत्रणाचाही होता, हे यातून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
येथे कंपनीने राज्याला किंवा राज्याने कंपनीला केवळ वापरले असे म्हणता येत नाही. दोघांच्या हिताची व्याख्याच एक झाली होती आणि तिला राष्ट्रहित हे नाव मिळाले. त्याची किंमत इराणच्या संसदीय राजवटीने मोजली. म्हणून परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासात राष्ट्रहित हा शब्द गृहीतक म्हणून न स्वीकारता प्रथम तपासला जाणे आवश्यक ठरते.