धोटा कुणाचा, सूक्त कुणाचं?

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, वेदाला हातच लावायचा नाही. मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी हात लावला, सूक्तन् सूक्त तपासलं, आणि 1946 साली शूद्र कोण होते ते इंग्रजीत पुस्तक लिहून विचारलं. हात लावल्याशिवाय चोरी सापडत नाही.

मी साच्यावर काम करणारा. संस्कृत मला कुणी शिकवलं नाय. मराठी भाषांतरातून ऋग्वेद वाचला. दहा मंडलं, 1028 सूक्तं. सुवर्णकाळ कुठं दिसला नाही. दिसली ती गाईगुरांवर जगणारी, गाईंसाठी लढणारी, जुगारात बुडणारी साधी माणसं. लढाईला त्यांचा एक शब्दच आहे, गविष्टी, म्हणजे गाईंची इच्छा. नवव्या मंडलात एक कवी सांगतो की तो गाणी रचतो, बाप वैद्य आहे, आई दळण दळते. घर आपल्या चाळीतल्यासारखं. पण आठव्या मंडलात त्रसदस्यू राजा कवीला पन्नास बाया दान देतो. गाईसारख्या मोजून! त्या पन्नासांचं सूक्त कुणी लिहिलं नाही.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. दहाव्या मंडलातलं 130वं सूक्त यज्ञाला कापड म्हणतं. ताणा लावलाय, पितर विणायला बसलेत, सामगीतं धोटे झालीत. कविता म्हणून ही प्रतिमा अस्सल आहे, मी ती नाकारणार नाही. ज्यानं माग जवळून पाहिलाय त्यालाच असं सुचतं. सहाव्या मंडलातला एक कवी तर कबूलच करतो की उभा धागा, आडवा धागा आपल्याला कळत नाही.

पण त्याच दहाव्या मंडलात 90वं सूक्त आहे, पुरुषसूक्त. तिथंही यज्ञच. त्यात माणूस कापला जातो आणि पायातून शूद्र निघतो. शूद्र हा शब्द अख्ख्या ऋग्वेदात एवढ्या एकाच ठिकाणी येतो. बाबासाहेबांनी हे सूक्त मागाहून घुसडलेलं ठरवलं ते उगाच नाही.

पुढं काय झालं बघा. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला पतंजली महाभाष्यात शूद्रांची वर्गवारी करतो. सुतार, लोहार, परीट, विणकर यांना यज्ञकर्मातून बाहेर काढलेलं, भांड्याला शिवले तर चालतात. चांडाळाला भांडंही नाही. म्हणजे यज्ञ विणला म्हणून गाणाऱ्यांच्या वारसांनी विणणाऱ्यालाच यज्ञाबाहेर बसवलं. प्रतिमा ठेवली, माणूस हाकलला. साहित्यातली चोरी म्हणतात ती हीच.

हे फक्त जुनं पुराण नाही. मुंबईच्या गिरण्यांत साळखात्यात, जिथं पगार चांगला, अस्पृश्याला घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि तो विटाळायचा! 1928च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांसमोर ठेवला. लाल बावटा होता, पण धोट्याला जात होती.

म्हणून मित्रांनो, पुढच्या अभ्यासवर्गात 90 आणि 130 ही दोन्ही सूक्तं शेजारी ठेवून वाचा. वेद कुणी रचले यावर पंडितांना भांडू द्या. आपण एवढंच विचारायचं: ते कापड विणलं कुणी, आणि अंगावर घेतलं कुणी?